बेरोजगारी भत्ता चालू असताना गृहकर्ज: कोकणातल्या माणसाने तयारी कुठून करावी

लोटे-परशुरामला, महाडला किंवा धाटावला एखाद्या कंपनीने माणसे कमी केली की गावात जी बोलणी सुरू होतात, त्यात घराचा विषय हमखास निघतो. कुणाचा जोता घालून झालेला असतो, कुणी चिपळुणात फ्लॅटला टोकन दिलेले असते, कुणाच्या आईवडिलांचे मातीच्या भिंतींचे घर पुढचा पावसाळा काढेल की नाही याची शाश्वती नसते. ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, भत्ता मिळणार आहे असे कळले की लगेच पुढचा प्रश्न येतो: या भत्त्यावर बँक गृहकर्ज देईल का?

भत्त्याच्या रकमेवर नाही देणार. पण भत्ता घेणाऱ्या माणसाच्या घरात गृहकर्ज येऊच शकत नाही, असेही नाही. कर्ज उभे राहते ते भत्ता संपल्यावरही चालू राहणाऱ्या उत्पन्नावर आणि ज्या जमिनीवर किंवा फ्लॅटवर ते घ्यायचे त्याच्या कागदांवर. कोकणात यातली दुसरी बाजू जास्त अवघड आहे. नोकरी दोन-चार महिन्यांत दुसरी लागते, पण वारस नोंद, वाटप, बिनशेती ही कामे त्याहून लांबतात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: भत्त्याचे महिने कागद पुरे करण्यासाठी वापरा आणि अर्ज उत्पन्न उभे राहिल्यावर करा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या विषयावर नेटवर जे वाचायला मिळते त्यातले बरेचसे अमेरिकेतले असते. तिथे हंगामी काम करणाऱ्याला दरवर्षी कामाबाहेरच्या महिन्यांत बेरोजगारी भत्ता मिळत असेल आणि तो दोन वर्षांच्या कर विवरणपत्रांत दिसत असेल, तर कर्ज देणारी संस्था तो उत्पन्नात धरू शकते. आपल्याकडचा भत्ता दरवर्षी फिरून येत नाही, तो थोड्या काळाचा असतो. त्यामुळे तिकडचा नियम इथल्या शाखेत सांगून काहीही साधत नाही.

हातात येणारा पैसा वेगवेगळा मांडा

नोकरी गेल्यावर खात्यात येणाऱ्या सगळ्या रकमांना लोक सरसकट ‘भत्ता’ म्हणतात. बँकेच्या दृष्टीने त्यात मोठा फरक आहे.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून ईएसआयसीने सुरू केली. ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेत आहे, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत, आणि ज्यांची वर्गणी कापली जात होती, त्यांच्यासाठी ही योजना आहे. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत, २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. त्यासाठी किमान दोन वर्षे विमित असावे लागते. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात तितकीच. गैरवर्तनामुळे काढले असेल, स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल किंवा निवृत्तीचे वय झाले असेल तर हा लाभ नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून दावा टाकण्यापूर्वी चालू मुदत शाखा कार्यालयात विचारून घ्या. आधार आणि बँक खाते विमा क्रमांकाला जोडलेले नसेल तर ते काम पहिले करा.

कंपनी बंद झाल्याने किंवा कामगार कपातीमुळे नोकरी गेली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. ती २००५ पासून आहे. तिच्यात लाभ जास्त काळ, २४ महिन्यांपर्यंत मिळतो: पहिल्या १२ महिन्यांत वेतनाच्या ५० टक्के, पुढच्या १२ महिन्यांत २५ टक्के. अनेकांना तिचे नावही माहीत नसते आणि ते तीन महिन्यांवर समाधान मानतात.

तिसरा पैसा कपातीच्या भरपाईचा. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. आणि चौथा पैसा पीएफचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने असे ठरवले की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि पूर्ण हिशेब १२ महिन्यांनी व्हावा. दावा टाकण्याच्या दिवशी पोर्टलवर कोणता नियम दिसतो तो वाचूनच आकडा धरा. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस कापला जातो. मात्र मालकाचा धंदाच बंद झाल्यामुळे नोकरी गेली असेल तर त्या रकमेवर कर लागत नाही, त्यासाठी कंपनीचे पत्र सांभाळून ठेवा.

यातला पहिला आणि दुसरा पैसा घरखर्चाचा. तिसरा आणि चौथा मात्र तुमचे स्वतःचे भांडवल आहे. बँक त्याला उत्पन्न धरत नसली तरी घराच्या किमतीतला तुमचा स्वहिस्सा म्हणून तो उपयोगी पडतो. तो मोटारसायकलीत किंवा लग्नाच्या जेवणावळीत गेला तर पुढे कर्ज मंजूर होऊनही स्वहिस्सा भरता येत नाही.

बँकेचा हिशेब घरी बसून करा

समजा पगार महिना १८,००० होता. म्हणजे रोजची सरासरी ६०० रुपये, भत्ता ३०० रुपये, आणि ९० दिवसांचे मिळून २७,०००. आता दुसरी बाजू बघा. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक लाखाला महिना साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. १५ लाखांना जवळपास १३,०००. तीन महिन्यांचा अख्खा भत्ता दोन हप्त्यांत संपतो, आणि कर्ज तर २४० हप्त्यांचे. बँक भत्ता का धरत नाही ते एवढ्यात कळते.

बँक धरते ते कुटुंबाचे टिकाऊ निव्वळ उत्पन्न. त्यातला साधारण ४० ते ५० टक्के भाग सगळ्या हप्त्यांत मिळून जाऊ शकतो असे मानतात. उत्पन्न मोठे असेल तर थोडा जास्त. एक उदाहरण घेऊ. नवऱ्याची १८,००० ची नोकरी गेली, बायको शिक्षिका आहे आणि तिच्या हातात ४२,००० येतात. निम्मे म्हणजे २१,०००. गाडीचा ३,२०० चा हप्ता चालू आहे, तो वजा जाता १७,८०० उरले. ८६८ ने भागले की साडेवीस लाखांच्या आसपास कर्ज बसते. नवऱ्याची नोकरी असती तर तीस लाखांवर गेले असते. पण साडेवीस लाखांत गावाकडे चिऱ्याचे चांगले घर उभे राहू शकते, आणि बऱ्याच घरांना यापेक्षा मोठ्या कर्जाची गरजही नसते.

याच उदाहरणात आणखी एक वाट आहे. भरपाईच्या पैशातून गाडीचे उरलेले कर्ज फेडले तर ३,२०० मोकळे होतात आणि पात्रता साधारण ३.७ लाखांनी वाढते. हातात एकरकमी पैसा आलेला असताना छोटे हप्ते आधी मिटवणे, हा बेकारीच्या काळातला सगळ्यात फायद्याचा व्यवहार आहे असे मला वाटते. मात्र सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्यानंतरच.

स्वहिश्शाचे गणितही आत्ताच मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के कर्ज देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, अपवाद फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांचा. शिवाय किंमत ठरवतो बँकेचा मूल्यांकनकार, गवंडी किंवा बिल्डर नव्हे. महाराष्ट्रात नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. खरेदी एकट्या महिलेच्या नावावर असेल तर घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिचा विचार जरूर करा.

उत्पन्न कुणाचे दाखवायचे

शाखेत गेलात की अधिकारी पहिले विचारतो, “दादा, घरात दुसरे कोण कमावते?” याचे उत्तर तयार हवे.

पती किंवा पत्नी सहकर्जदार असणे सगळ्यात सोपे. आईवडील, मुलगाही चालतात. भाऊ बहुतेक बँकांना तो मिळकतीचा सहमालक असेल तरच चालतो. वडील पेन्शनर असतील तर त्यांचे उत्पन्न धरले जाते, पण कर्जाची मुदत त्यांच्या वयाप्रमाणे कमी होते आणि हप्ता वाढतो. कोकणात बऱ्याच घरांत मुंबईला नोकरी करणारा मुलगा किंवा भाऊ असतो आणि घर तोच उभे करतो. त्याला सहकर्जदार करताना एक गोष्ट त्याच्याशी आणि घरातल्या सगळ्यांशी उघड बोलून घ्या: हे कर्ज त्याच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, दिसेल, आणि उद्या तो बदलापूर-विरारला स्वतःची जागा घ्यायला निघाला तर त्याची पात्रता तेवढी कमी भरेल. हे न बोलता सह्या घेतल्यामुळे भावाभावांत कायमचे वितुष्ट आलेली घरे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

सहकर्जदार आणि जामीनदार यांत गल्लत करू नका. पतसंस्थेत दोन जामीनदार आणायची सवय असल्यामुळे लोकांना वाटते, चांगला जामीनदार आणला की काम झाले. जामीनदारामुळे बँकेची वसुली सुरक्षित होते, पण तुमच्या पात्रतेत त्याचा पगार मिळवला जात नाही. सहकर्जदाराचा मिळवला जातो.

हंगामी उत्पन्नाचे वेगळे आहे. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी १ जूनपासून लागते, ६१ दिवसांची. त्या काळात होडी शाकारलेली असते आणि घरात पैसा येत नाही. मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मच्छीमार कुटुंबांना ४,५०० रुपयांच्या मदतीची तरतूद आहे, त्यातले १,५०० मच्छीमाराच्या स्वतःच्या बचतीचे. या मदतीवरही कर्ज मिळत नाही, पण इथे बँक महिन्याचा हिशेब न बघता वर्षाचा बघते. बागायतदाराचे हापूसचे उत्पन्न मार्च ते मे, तारकर्ली-गणपतीपुळ्याच्या घरगुती निवासाचे दिवाळी ते मे, तसेच होडीमालकाचे. अट एकच, ते उत्पन्न दोन-तीन वर्षांच्या आयटीआरमध्ये, म्हणजे आयकर विवरणपत्रात, दिसले पाहिजे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्रात दाखवता येते, आणि दाखवावे. वाशीच्या दलालाची पट्टी, मच्छीमार सोसायटीच्या विक्रीच्या पावत्या, निवासाचे ऑनलाइन बुकिंगचे जमा पैसे, हे सगळे बँक खात्यातून फिरलेले असले म्हणजे विवरणपत्राला आधार मिळतो. रोखीने घेतलेला पैसा कितीही खरा असला तरी फाईलमध्ये तो नसल्यासारखाच.

नवी नोकरी लागली तर लगेच दुसऱ्या दिवशी अर्ज नको. बहुतेक बँका किमान तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि दोन वर्षांचा फॉर्म १६ मागतात. प्रोबेशनवर असताना काही बँका थांबा म्हणतात. पण त्याच क्षेत्रात, त्याच किंवा जास्त पगारावर काम मिळाले असेल तर मधली तीन-चार महिन्यांची खोट फार आड येत नाही. लोट्यात ऑपरेटर असलेला पुन्हा महाडला ऑपरेटर म्हणून लागला, यात बँकेला सातत्य दिसते. म्हणून शक्य असेल तर काम त्याच कौशल्याचे शोधा, निदान कर्ज होईपर्यंत.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. रिकाम्या माणसाला ‘सॅलरी स्लिप करून देतो’ म्हणणारा एजंट प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतो. बँक तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, टाकून पीएफचा सेवा इतिहास बघते, त्यात नोकरी सोडल्याची तारीख स्पष्ट असते. फॉर्म २६एएस या कर कपातीच्या उताऱ्यात टीडीएस थांबलेला दिसतो. खोटी स्लिप पकडली जाते, अर्ज फेटाळला जातो, आणि फौजदारी गुन्हा दाखल होतो तो तुमच्यावर.

सिबिल जपा

भत्त्याच्या महिन्यांत एखादा हप्ता चुकला तर त्याची नोंद पुढे कित्येक वर्षे दिसत राहते. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो, गृहकर्जाला ७५० च्या आसपास किंवा वर असला की बोलणी सोपी होतात. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरते, त्यानंतर गृहकर्जाचे नाव बराच काळ काढायला नको. म्हणून पैसे अपुरे पडणार असे दिसताच, हप्ता चुकण्याआधी, चालू कर्जाच्या शाखेत जाऊन हप्ता कमी करून किंवा मुदत वाढवून मागा. मोबाइल अॅपवरची झटपट कर्जे या काळात अजिबात घेऊ नका, तीन-चार छोटी अॅप कर्जे दिसली की बँक समजते की घर तंगीत आहे.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. तो आत्ताच काढा. जुन्या मिटलेल्या कर्जाची नोंद उघडी राहिलेली असते, नावात किंवा पॅनमध्ये गोंधळ असतो. तक्रार केल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

जमिनीचे कागद: कोकणातला खरा अडथळा

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा शहरांत महारेरा नोंदणीचा फ्लॅट घेणार असाल तर हा भाग तुम्हाला थोडाच लागेल. प्रकल्पाची महारेरा नोंद, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि बँकेच्या यादीत तो प्रकल्प आहे का, एवढे बघा. गावच्या जमिनीवर घर बांधणाऱ्याने मात्र पुढचे सगळे नीट वाचावे.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. तो काढून आधी भोगवटादाराची नावे वाचा. आजोबांचे नाव अजून आहे का? असेल तर वारस नोंद झालेली नाही. चुलते, आत्या, मुंबईचे चुलतभाऊ अशी आठ-दहा नावे आहेत का? असतील तर जमीन सामाईक आहे, आणि ‘हा कोपरा आमच्या वाटणीचा’ हे फक्त घरातल्या माणसांना ठाऊक आहे. बँकेला तारण लागते ते एका निश्चित हिश्श्याचे. तेव्हा दोन वाटा उरतात. सगळे तयार असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून संमतीने वाटप, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या स्टॅम्पपेपरवरची घरगुती वाटणी बँक मानत नाही. बहिणींची आणि आत्यांची संमती गृहीत धरू नका. कायद्याने त्यांचा हिस्सा आहे, त्यांच्याशी बसून बोला आणि त्या काय म्हणतात ते ऐका. ही सह्यांची कामे गणपतीत सोपी जातात, तेव्हा सगळे चाकरमानी गावात असतात. कागद आधी तयार ठेवले तर त्या सात-आठ दिवसांत सह्या होतात, नाहीतर शिमग्यापर्यंत थांबा.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बहुतेक लोक त्याकडे बघतच नाहीत आणि बँकेचा वकील नेमका तिथूनच सुरुवात करतो. विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असेल तर तो फेडून कमी केल्याचा फेरफार लागतो. कुळाचे नाव असेल तर तो प्रश्न आधी सुटायला हवा. कूळ कायद्यातली कलम ४३ ची शर्त लिहिलेली असेल किंवा जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली, असेल, तर तारण ठेवायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी किंवा वर्ग बदल लागतो. तुकडेबंदीचा शेरा असेल तर त्याचीही चौकशी तलाठ्याकडे करा. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा इतिहास वेगळा आहे. तिथल्या माणसाने बँकेत जाण्यापूर्वी आपल्या नावाची नोंद नेमकी कोणत्या स्वरूपात आहे हे तहसील कार्यालयात बघून यावे.

त्यानंतर बिनशेती. शेतजमिनीवर घरासाठी बँक सहसा कर्ज देत नाही. जमीन गावठाणात असेल तर बिनशेतीची वेगळी गरज पडत नाही, आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर काम तुलनेने सुटसुटीत होते. त्यापुढे ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा, आठ अ, मोजणीचा नकाशा, बांधकाम परवानगी आणि मंजूर आराखडा. परवानगी कुणाची लागते हे जागेवर अवलंबून आहे, ते ग्रामसेवकाकडून लेखी घ्या, तोंडी नको.

किनाऱ्यालगतच्या गावांना सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, बघावे लागतात. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे, दाट वस्तीच्या गावांत ते अटींसह ५० मीटरपर्यंत येते. खाडीकाठालाही मर्यादा आहेत, त्या विसरू नका. देवबाग, तारकर्ली, मुरूड, हर्णै अशा ठिकाणी बँकेचा तांत्रिक अधिकारी हा प्रश्न विचारतोच. जुन्या घराची दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून घर जुने असल्याचा पुरावा, जुनी घरपट्टीची पावती, विजेचे बिल जपून ठेवा.

बँकेचा वकील बहुधा ३० वर्षांचा शोध अहवाल मागतो. जुने फेरफार आणि जुने सातबारा ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर मिळतात, पण काही पाने अस्पष्ट निघतात, ती तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी लागतात. हे काम हळूहळू होते. भत्ता चालू असताना करायला याहून चांगले काम नाही.

अर्ज करताना

फाईल अशी लावा: सेवामुक्तीचे पत्र, आधीच्या नोकरीचे फॉर्म १६, ईएसआयसीच्या लाभाची नोंद, भरपाई आणि पीएफ जमा झाल्याचे स्टेटमेंट, सहकर्जदाराचे उत्पन्नाचे कागद, मग जमिनीचे. वर एका पानाचे पत्र जोडा. ते साधे असू द्या:

“मी एप्रिल २०१९ पासून कंपनीत ऑपरेटर होतो. उत्पादन घटल्याने कंपनीने आमच्या विभागातील कामगार कमी केले. पत्र सोबत जोडले आहे. मधल्या काळात मला ईएसआयसीचा लाभ मिळाला, तो मी उत्पन्न म्हणून दाखवलेला नाही. या काळात माझा एकही हप्ता थकलेला नाही. कर्जाची परतफेड पत्नीच्या पगारातून होणार आहे. भरपाईची रक्कम स्वहिस्सा म्हणून वेगळ्या ठेवीत आहे.”

असे पत्र वाचून अधिकाऱ्याला कळते की समोरचा माणूस काही लपवत नाही. ठेवीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. भरपाईचा पैसा बचत खात्यात राहिला तर तो खर्च होत गेलेला स्टेटमेंटवर दिसतो.

एका वेळी पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते. आधी तोंडी विचारा, जिथे पगाराचे खाते आहे तिथे आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत नक्की विचारा, कारण गावच्या जमिनीचे कागद त्यांच्या माणसांना जास्त ओळखीचे असतात. मग एकाच ठिकाणी अर्ज करा. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते, त्यात व्याज, सगळे शुल्क आणि वार्षिक खर्चाचा दर एका जागी असतो. ते विवरण मागून घ्या आणि घरी आणून वाचा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, म्हणून नोकरी लागल्यावर जादा पैसे भरण्याची मोकळीक राहते.

घर नगरपरिषदेच्या हद्दीत असेल आणि कुटुंबाकडे देशात कुठेही पक्के घर नसेल तर प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मधील व्याज अनुदान तपासा. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान मिळते, पाच हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १.८० लाख. गावात असाल तर ग्रामीण आवास योजनेच्या यादीत नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत पाहा.

नकार आला तर कारण लेखी मागा. कर्ज नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवणे बँकांवर बंधनकारक आहे. ‘उत्पन्न अपुरे’ लिहिले असेल तर कर्ज कमी करून किंवा सहकर्जदार जोडून परत जाता येते. ‘मालकी हक्क स्पष्ट नाही’ लिहिले असेल तर दुसऱ्या बँकेत जाऊन उपयोग नाही, तिचा वकीलही तोच सातबारा वाचणार.

मंजुरी ते घर

मंजुरीपत्राची मुदत काही महिन्यांचीच असते. मंजुरी आणि रक्कम हातात येणे यांच्या मध्ये पुन्हा नोकरी गेली तर बँकेला कळवावेच लागते, कारण पैसे सोडण्याआधी बँक परत तपासते. तेव्हा लपवलेले उघडे पडण्यापेक्षा आपण सांगितलेले बरे.

स्वतः बांधत असाल तर कर्ज टप्प्याटप्प्याने सुटते: जोता, लिंटेल, छप्पर किंवा स्लॅब, आणि शेवटी गिलावा-फरशी. प्रत्येक टप्पा बघायला बँकेचा माणूस येतो. कोकणात जून ते सप्टेंबर काम थांबते, चिऱ्याच्या खाणीही तेव्हा बंद असतात. एप्रिलमध्ये पहिला टप्पा घेतला आणि जोता झाल्यावर पाऊस लागला, तर चार महिने घर वर येत नाही आणि घेतलेल्या रकमेवर व्याज मात्र भरत राहावे लागते. उत्पन्न आधीच कमी असताना हे परवडत नाही. म्हणून पावसाळ्यात कागद पुरे करा, गणपतीत सह्या घ्या, सप्टेंबरअखेरीस अर्ज द्या आणि पहिला टप्पा दिवाळीनंतर उचला. मेपर्यंत छप्पर चढेल असा गवंड्याशी तारखा घालून करार करा, आणि पूर्ण हप्ता सुरू होण्याआधी किमान सहा हप्त्यांची रक्कम त्याच बँकेत ठेवीत ठेवा.